बोटभर अंधार

ओशोग्बो
११ फेब्रुवारी १९९६

धाकट्या ताइवोला,

बसलेल्याला बसण्याचा नमस्कार करावा, उभ्याला उभं राहण्याचा आणि दमलेल्याला दमण्याचा, अशी आपली रीत. यातला शेवटचा तू आज मला कर. काल एका लग्नात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभी होते आणि आज पाय माझे नाहीतच. लोक म्हणतात, बाबांचा फोटोचा धंदा पोरीने राखला. राखते कसली, धंदाच मला ओढत नेतो.

कालचा मांडव निळ्या ताडपत्रीचा होता. फ्लॅश वर मारून छतावरून उजेड उतरवावा तर नवरीसकट सगळी वरात निळी होते, बुडून मेल्यासारखी. समोरून मारावा तर कपाळं तेल लावल्यासारखी चमकतात आणि मागे भिंतीवर सावल्या चिकटतात. समोरून मारलेला फ्लॅश म्हणजे पोलिसांचा फोटो, हे मी तुला शंभरदा सांगितलंय. त्यात बायका सगळ्या पांढऱ्या लेसमध्ये. फ्लॅशच्या त्या उजेड मोजणाऱ्या छोट्या डोळ्याला लेस दिसते, माणूस दिसत नाही. पांढरं बघितलं की त्याला वाटतं उजेड भरपूर झाला, आणि तो लवकर मिटतो. मग लेस सुरेख येते आणि वरचं तोंड कोळसा. फोटो हातात पडल्यावर बाई विचारते, मला इतकी काळी का केलीस गं? काय सांगणार? मी आता त्याचं ऐकतच नाही, फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधते आणि अंदाजाने मारते.

बाजारातल्या बॅटऱ्याही खोट्या. पाचव्या फोटोला मान टाकतात, आणि फ्लॅश आजारी डासासारखा कुईकुई करत बसतो. कानोच्या बाजारात चांगल्या मिळतात म्हणे. जमल्या तर पाठव.

आता खरं कारण. आईच्या डोळ्यांचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काचबिंदू आहे, उशीर झालाय, औषधाने फक्त लांबणीवर पडेल. कडेचं सगळं गेलंय, मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. उत्तरेचा कोरडा वारा सुटेल तोवर तेही जाईल म्हणतात. ऐकून ती रडली नाही. म्हणाली, मला माझ्या दोन्ही मुलींचा एक फोटो काढून हवा, मोठा, पलंगासमोर. बाबांनी काढलेले लहानपणचे ढीगभर आहेत, ते दाखवले तर म्हणाली, या मुली मी पाहिल्यात, मला आत्ताच्या पाहिजेत.

नाताळला तू आली नाहीस. आता ईस्टरला ये. आपण जुळ्या, आणि जन्माने तू पहिली असलीस तरी आपल्या रीतीने मोठी मी आहे, हे आईने आपल्याला अंगाईसारखं ऐकवलंय: मोठीने धाकटीला पुढे पाठवलं, जा, जग कसं लागतं ते चाखून ये. तू चाखलंस आणि ओरडून सांगितलंस, तेव्हा कुठे मी निघाले. तर त्या मोठेपणाच्या हक्काने हुकूम करते. ये.

केहिंदे


कानो
३ मार्च

आयत्या मोठ्या ताईला,

दमण्याचा नमस्कार, पोटभर. मी पुढे जाऊन रस्ता साफ करायचा आणि तू मागून राणीसारखी यायचं, आणि वर मोठी तूच. हा अन्याय मी या जन्मात विसरणार नाही.

बॅटऱ्या ड्रायव्हरकडे दिल्यात. तो एक पाकीट स्वतःच्या रेडिओला ठेवून घेईल, घेऊ दे.

आईचं वाचून कसंतरी झालं. पण ईस्टरला जमणार नाही. शाळेत परीक्षा आहेत, आणि इथे पेट्रोलच्या रांगा दोन दोन दिवस हलत नाहीत. गाड्या मध्येच कुठेतरी थांबतात.

मला एक सुचतंय, रागावू नकोस. बाबांची ती युक्ती कर ना. अंधारी खोली, कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवायचं, एकदा इकडे बसायचं आणि फ्लॅश मारायचा, मग तिकडे बसायचं आणि पुन्हा मारायचा. एका माणसाची दोन माणसं. आपलं तोंड एकच आहे, तुझं ते माझं. शाळेत तू माझ्याऐवजी छड्या खाल्ल्यास तेव्हा कुठे कोणाला कळलं? आईला नळीतून काय कळणार?

आणि एक विचारायचं होतं. फ्लॅश एकाच बाजूने मारला तर चेहऱ्याची दुसरी बाजू कितपत बुडते? शाळेच्या नाटकासाठी विचारते.

ताइवो


ओशोग्बो
२४ मार्च

ताइवो,

तू शुद्धीवर आहेस ना?

बाबा ती युक्ती कोणासाठी करायचे, विसरलीस? जुळ्यातलं एक गेलं की आई उरलेल्याला घेऊन यायची. त्यालाच दोनदा बसवायचं, म्हणजे घरात जोडी पुरी दिसावी. गेलेली मुलगी असली आणि उरलेला मुलगा असला तर त्यालाच झगा घालून. तो फोटो काढायचा असला की बाबा आपल्या दोघींना अंगणाबाहेर पाठवायचे. जिवंत जुळ्यांनी त्या उजेडात येऊ नये म्हणायचे. मी एकदा फटीतून बघितलं होतं. ती बाई रडत नव्हती, पोराची कॉलर सारखी करत होती. आधी एकाची, मग दुसऱ्याची, म्हणजे त्याचीच.

जिवंत माणसाचा तसा फोटो काढणं म्हणजे त्याला उचलून तिकडे नेऊन ठेवणं. हे मी करणार नाही. पुन्हा लिहू नकोस.

नाटकाचं विचारलंयस म्हणून सांगते, धंद्याचं कोणी विचारलं की मला गप्प बसवत नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून लांब वायरीने बाजूला नेला की दुसरी बाजू बुडते, पण पुरती नाही. खोलीची भिंत पांढरी असली तर उजेड तिच्यावर आपटून परत येतो आणि गाल उजळतो. पुरती बुडवायची तर त्या बाजूला काळं कापड टांगायचं. मग नाक संपलं की माणूस संपला. पण शाळेच्या नाटकात कोणाला बुडवायचंय तुला?

काल आईने चहा कपाशेजारी ओतला. कपात नाही, शेजारी. मग स्वतःच हसली आणि म्हणाली, टेबलालाही तहान लागते. मी पुसलं. शाळेला सुट्टी लागली की ये, एवढंच मागते.

केहिंदे


कानो
१४ एप्रिल

ताई,

सोबत कापड आहे. इथल्या निळीच्या कुंडातलं, रंग अंगाला लागतो पण उतरत नाही. दोन पोलकी शिवून पाठवतेय, दोन डोक्याची फडकी. दोन्ही पोलकी तुझ्याच मापाची आहेत.

हो, तेच लिहितेय. तू नको म्हणालीस तरी. सुट्टीतही मला येता येणार नाही. शाळेने मला कचेरीत घेतलंय, रजिस्टरं लावायची आहेत, मुलांसमोर आता दुसरी बाई उभी राहते. कारण विचारू नकोस, मोठं काही नाही. आईला दिसतंय तोवर फोटो व्हायला हवा, की रिवाज पाळायला हवा, तूच सांग. मी मरत नाही फोटोने. फोटोने माणूस मरत असता तर तू अर्धं ओशोग्बो संपवलं असतंस.

माझं एकदा ऐक. आयुष्यात मी तुझ्याकडे काय मागितलं? आणि उगीच वाईट वाटून घेऊ नकोस, मी हसत लिहितेय.

ताइवो


ओशोग्बो
१९ मे

ताइवो,

काढला फोटो. आणि जे व्हायचं ते झालं.

तुझा राग आला होता. मला वाटलं, कानोत राहून हिला आपली लाज वाटायला लागली. हिला ना आईचे डोळे दिसतात, ना माझे हात. शनिवारी दोन समारंभ, रविवारी एक मयत, आणि रोज सकाळी आई विचारणार, आली का ताइवो? मी दमले गं. कोणीतरी एकदा ते विचारणं थांबवावं, एवढंच वाटत होतं.

मंगळवारी दुकान बंद ठेवलं. खिडक्यांना गोधड्या लावल्या, मागे काळं कापड. कॅमेरा तिकाटण्यावर, झाकण उघडून अडकवलं. तुझं निळं पोलकं घातलं, अंधारात चाचपडत डावीकडच्या स्टुलावर बसले, हात लांब करून फ्लॅशचं बटण दाबलं. मग उठले. फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत त्याची शिट्टी ऐकत अंधारात उभी होते, आणि मला असं वाटलं की त्या स्टुलावर अजून कोणीतरी बसलंय. मग उजवीकडे बसले, तुझ्यासारखी मान कलती केली आणि तुझा फोटो काढला.

फोटो चांगला आला, हे सांगायलाही लाज वाटते. मोठा करून आईच्या हातात दिला. तिने तो त्या नळीसमोर धरून इकडून तिकडे हळूहळू सरकवला. आधी एक तोंड, मग मधला काळा भाग, मग दुसरं तोंड. पुन्हा परत मधे आली आणि तिथेच थांबली. एक आकृती दुसरीवर चढू नये म्हणून मधे बोटभर अंधार सोडावा लागतो. बाबा सोडायचे तेवढाच मी सोडला. या गल्लीत तसे फोटो किती घरांत आहेत, आणि त्यातले निम्मे तिच्या नवऱ्याने काढलेले.

तिने मला विचारलं, "ताइवो कधी गेली?"

मी म्हटलं, आई, ती ठणठणीत आहे. "माझी ताइवो तुला चिकटल्याशिवाय कधी बसली?" म्हणाली. "पाळण्यातसुद्धा पाय तुझ्या अंगावर. कधी गेली ते सांग. मला आंधळी समजून फसवू नकोस."

शपथा घेतल्या. तुझी पत्रं वाचून दाखवली, तर म्हणते अक्षर तुम्हा दोघींचं एकसारखंच आहे. टेलिफोनच्या कचेरीत नेलं, तुझ्या घरमालकिणीचा नंबर लागेना, पलीकडे नुसती खरखर. ती ऐकून आईने मान हलवली, जसं काही तिला उत्तर मिळालं. घरी येऊन जुळ्यांच्या नैवेद्याची चवळी शिजवली, लाल तेल घालून, आणि दोन पानं वाढली. सकाळी चर्चला गेली आणि तिथून परस्पर मूर्ती कोरणाऱ्या म्हाताऱ्याकडे. गेलेल्या जुळ्यासाठी करतात तशी तुझ्या नावाची लाकडी बाहुली सांगून आली. मी ओरडले तर म्हणते, जुळ्यांच्या बाबतीत दोन्हीकडे हात जोडलेले बरे.

ती जेवत नाही. आता शाळा, पेट्रोल, रजिस्टर काही सांगू नकोस. ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे झालं. तुला काय झालंय?

केहिंदे


कानो
२ जून

ताई,

सांगते. सरळच सांगते, वळणं घेण्याइतकी ताकद उरली नाही.

गेल्या सप्टेंबरात स्टोव्ह पेटला. रॉकेलमध्ये कोणीतरी पेट्रोल मिसळून विकलं होतं, आमच्या भागात त्या आठवड्यात बऱ्याच घरांत झालं. मी वाकून वात वर करत होते. हाजिया रकियाने, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, चटई टाकून मला विझवलं. तिचेही हात भाजले. मी नऊ आठवडे इस्पितळात होते. तुला त्या काळात दोन पत्रं आली असतील, ती रकियाच्या भाचीने माझ्या सांगण्यावरून लिहिली. बोटाला लागलंय असं त्यात म्हटलं होतं.

चेहऱ्याची डावी बाजू गेली. डोळा वाचला. कान थोडा आहे. गाल आहे, पण तो गालासारखा नाही, ओठ त्या बाजूला खाली ओढलाय म्हणून बोलताना कधी कधी लाळ येते. शाळेत पहिल्या दिवशी लहान मुलं रडली. त्यांचा काय दोष? मुख्याध्यापकांनी चांगुलपणाने मला कचेरीत बसवलं, आणि चांगुलपणानेच ते दार लोटून घेतात.

घरात आरसा नाही. पण ताई, तू आहेस ना. मी तिकडे आले आणि तू समोर उभी राहिलीस, की मला दिसणार मी कशी होते. आणि तुला दिसणार तू कशी झाली असतीस. मला हे दोन्ही नको होतं. आईला तर नकोच नको. तिला शेवटचं बघायचंय ते सुंदर असू दे, एवढाच विचार होता. तिने जो चेहरा फोटोत मागितला तो गेलाच आहे, मग तुझा फोटो खोटा कसा?

पण तिने जेवण सोडावं असं मला नको होतं. हे मी तिला केलं. तिला काय सांगायचं ते आता तू सांग, मोठी आहेस.

ताइवो


ओशोग्बो
९ जून

माझ्या ताइवो,

तुझं पत्र वाचून दुकानाच्या मागे जाऊन बसले. शिव्या दिल्या तुला, रॉकेलवाल्याला, स्वतःला. तू तिकडे नऊ आठवडे पडून होतीस आणि मी इथे लोकांच्या लेससाठी फ्लॅशवर रुमाल बांधत होते.

ये. आईला मी काहीच सांगितलेलं नाही, फक्त म्हटलं की ताइवो येतेय, आलीस की बोलू. तिने विश्वास ठेवला नाही, पण दोन घास खाल्ले.

आणि फोटोला घाबरू नकोस. ते माझ्यावर सोड, एवढं एकच मला नीट येतं. फ्लॅश लांब वायरीने तुझ्या उजवीकडून आणीन. जुन्या छत्रीला आतून पांढरं कापड लावलंय, त्यातून उजेड मऊ होऊन येतो. तुझ्या डाव्या बाजूला काळं कापड टांगीन, भिंतीवरून एक थेंब परत येऊ देणार नाही. नाकाच्या पलीकडे काही दिसणार नाही. मी तुझ्या उजव्या बाजूला, खांद्याला खांदा. आईला अंधार मधे नको होता ना? मधे राहणार नाही.

प्रत्यक्ष भेटताना तिच्या डाव्या हाताला बस, म्हणजे तुझी चांगली बाजू तिच्याकडे येईल. तिला कडेचं दिसत नाही, जेवढं तू समोर आणशील तेवढंच दिसेल. डोक्याचं फडकं खाली ओढून घे, इथे उन्हाचं निमित्त कधीही चालतं. दोन दिवस काढायचेत. मी बरोबर आहे.

केहिंदे


ओशोग्बो
११ ऑगस्ट

ताइवो,

तू परत पोचल्याचा निरोप ड्रायव्हरने आणला. प्रवासाचा नमस्कार उशिरा करते, कारण हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

आधी एक. गाडीतळावर तुला वाटलं मी तुला बघून तोंड फिरवलं आणि तुझी पिशवी शोधायला लागले. ते मला कळलं. मी रडत होते गं. तिथे भर बाजारात रडले असते तर तू तशीच उलट गाडीत बसली असतीस. म्हणून पिशवी शोधली. पिशवी तुझ्या खांद्यावरच होती.

ते दोन दिवस आपण किती दमलो. तू सारखी उजवा गाल पुढे धरून बसलेली, आणि मी सारखी खुर्च्या हलवणारी. आई म्हणाली, ये, तुझे केस विंचरून वेण्या घालते, आणि तू म्हणालीस, कालच घातल्यात. लहानपणी वेण्यांसाठी आपण मारामारी करायचो. मला वाटलं, निभावलं. तू जिवंत आहेस हे कळल्यावर ती एवढी जेवली की रात्री ओवा द्यावा लागला. बाहुली म्हाताऱ्याने परत घेतली नाही, म्हणे कोरलेलं पुन्हा ओंडका होत नाही. आई ती आता दाराला टेकण म्हणून लावते.

फोटो या आठवड्यात मोठा करून आणला. सांगते, इतका चांगला उजेड मी आयुष्यात कोणावर टाकला नाही. आपण दोघी चिकटून, तुझी मान माझ्याकडे, उजवा गाल निळ्या कापडावर उगवल्यासारखा, आणि नाकाच्या पलीकडे शांत काळोख. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, हौसेने तसा काढलाय.

आईने हातात घेतला. नळी माझ्यावरून सरकत तुझ्यावर आली. अर्ध्यावर थांबली. तिने फोटो खिडकीकडे नेला, मग अंगणात उन्हात नेला. उन्हातही तिथे काही नव्हतं. परत येऊन पलंगावर बसली.

"आधी अंधार दोघींच्या मधे होता," ती म्हणाली. "आता तू तो उचलून एकीच्या तोंडावर ठेवलास. तेवढाच आहे, केहिंदे. नुसती जागा बदललीस."

मी म्हटलं, आई, फ्लॅश एका बाजूने मारला की तसं होतं. तिने मला गप्प केलं. "मी फोटोवाल्याची बायको आणि फोटोवालीची आई. उजेड चुकून कुठे पडतो आणि मुद्दाम कुठे पाडतात, ते मला शिकवू नकोस."

मग सांगितलं मी सगळं. स्टोव्ह, इस्पितळ, रकियाबाईंची चटई. तू मोठी आहेस, तूच सांग म्हणाली होतीस, तर सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि तिला काही नवीन वाटलं नाही. निघताना तू तिच्यासमोर गुडघे टेकलेस आणि तिने आशीर्वाद द्यायला तुझं डोकं धरलं, आठवतं? तुला वाटलं फडक्यावरून धरलं. "माझे डोळे गेलेत, हात दोन्ही आहेत," म्हणाली. वेण्यांना नाही म्हणालीस तेव्हाच तिला शंका आली होती, आणि फडक्याखाली गेलेल्या हाताला कळलं. तरी ती बोलली नाही. तू सांगशील म्हणून वाट बघत होती. गाडी सुटेपर्यंत बघत होती.

तिला राग आलाय, ताइवो. भाजल्याचा नाही. तिचे शब्द जसेच्या तसे देते, कारण मला ते बदलता येत नाहीत:

"तिला पुढे पाठवलं होतं ते कशाला? चाखायला. गोड लागलं तर ओरडायचं, कडू लागलं तरी ओरडायचं. जन्मली तेव्हा काय ओरडली होती, शेजारच्या गल्लीतली माणसं उठून आली. आणि या वेळी जीभ भाजली तर एकटीने गिळलं. धाकटीने ओरडायचं असतं. त्याशिवाय मोठीला कसं कळणार कुठे धावायचं?"

मग ती रडली. डॉक्टरांनी डोळ्यांचं सांगितलं तेव्हा न रडलेली, ती रडली. मीही रडले. मी तुला लिहिलं होतं ना, ये, तुला मी लपवते, एवढं एकच मला नीट येतं. माझ्या हुशारीचा मला इतका कंटाळा कधी आला नव्हता.

तिला तिसरा फोटो हवा आहे. छत्री नको, रुमाल नको, काळं कापड नको. फ्लॅश कॅमेऱ्यावर लाव आणि बाबांसारखा समोरून मार, म्हणते, सगळं दिसू दे. मी म्हटलं, आई, तसा पोलिसांचा फोटो येतो. म्हणाली, येऊ दे, पोलिसांना निदान माणूस ओळखता तरी येतो. नळी बारीक होत चाललीय, आता एका वेळी एकच डोळा किंवा एकच ओठ दिसतो म्हणते. तुझं तोंड ती तुकड्यातुकड्याने बघेल. पण तिला सगळे तुकडे हवेत.

मी हुकूम करणार नाही. एकदा केला, तेवढा पुरे झाला.

तुझी,
केहिंदे


कानो
२५ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र कचेरीत वाचलं, दार लोटलेलं होतं. घरी आले, चूल पेटवली. स्टोव्ह मी आता वापरत नाही, तरी रॉकेलचा वास कुठून तरी येतोच, कधी उशीतून येतो, कधी पावातून. पातेलं ठेवलं, आणि मग मी ओरडले. ठरवून नाही. एकदा सुरू झाल्यावर थांबेना. रकियाबाई ओल्या हातांनी धावत आल्या, अख्खा वाडा गोळा झाला, काय झालं, कुठे लागलं? मी म्हटलं, आत्ता काही नाही, ते मागच्या सप्टेंबरातलं आहे. तेव्हा ओरडायचं राहिलं होतं. त्या माझ्याजवळ जमिनीवर बसल्या आणि बाकीच्यांना हाकलून दिलं.

तर आईला सांग, चव सांगितली. कडू आहे, जळकी आहे, आणि संपत नाही. तुलाही ऐकू गेली असेल.

शुक्रवारी शाळा सुटली की निघते. फडकं मागे बांधून येईन, गाडीत लोक बघतील तर बघू देत. वेण्या मोकळ्या करून येतेय, आईला बोटं तयार ठेवायला सांग. मला कोणत्या बाजूला बसवायचं ते तू ठरव, पण मधे जागा सोडू नकोस.

बाजारातून नव्या बॅटऱ्या घेतल्यात. या वेळी ड्रायव्हरकडे देत नाही, स्वतःच आणते.

ताइवो